चाई पडली, पांढरा डाग उठला: पहिल्या दिवसापासून काय करायचं

डोक्यात किंवा दाढीत नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसला की गावात पहिला शब्द निघतो तो "किडा". मग कुणी बिब्बा सुचवतं, कुणी लसूण चोळायला सांगतं, कुणी न्हाव्याकडून वस्तऱ्याने चट्टा खरवडून घेतं. चाईत किडा नसतो. आपल्याच रक्तातल्या, एरवी जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी, त्यातही सीडी८ जातीच्या, केसाच्या कंदाभोवती गोळा होतात आणि वाढीला लागलेला केस मध्येच गळून पडतो. एरवी केसाचा कंद या पेशींच्या नजरेआड असतो. चाईत तो आडोसा जातो. नवा केस उगवणाऱ्या मूळपेशी मात्र शाबूत राहतात, म्हणून काही वर्षांनीही त्या जागी केस येऊ शकतात. बिब्ब्याने खोल भाजलं की तिथे व्रण धरतो, आणि व्रणावर केस उगवत नाही. रोगाने न मारलेलं मूळ उपायाने मरतं. वस्तऱ्याने खरवडण्यात कावीळ बी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

कोडातही हल्ला टी पेशींचाच, फक्त निशाणा बदलतो: कातडीला रंग देणाऱ्या पेशी तिथे मरतात. केसांच्या मुळाशी या पेशींचा साठा असतो आणि रंग परततो तो बहुधा तिथूनच, ठिपक्याठिपक्यांनी. डागातली लव अजून काळी असेल तर आशा चांगली. लवही पांढरी झाली असेल, किंवा डाग बोटांच्या टोकांवर, ओठांवर असेल, तर औषध कमी चालतं. हे उपचार सुरू करण्याआधीच रुग्णाला सांगायला हवं, म्हणजे पुढे वर्षभर उगाच पैसा जात नाही.

आधी खात्री करून घ्या

चाईचा चट्टा गुळगुळीत असतो. त्यावर खपल्या नसतात, पू नसतो, खाज नसते किंवा अगदी थोडी असते. काठावर नीट पाहिलं तर तीन-चार मिलिमीटरचे तुटके केस दिसतात, वर जाड आणि मुळाकडे निमुळते. काहींच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात. काठावरचे पन्नास-साठ केस अंगठा आणि बोटात धरून हलकेच ओढा. सहापेक्षा जास्त केस सहज हातात आले तर चाई अजून पसरते आहे असं समजा.

शाळकरी मुलाच्या डोक्यात चट्टा पडला असेल तर आधी नायट्याचा विचार करायचा. त्यात खपल्या असतात, केस मुळाशी तुटून काळे ठिपके उरतात, मानेमागे गाठ लागते. खपल्या खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का ते पाहतात. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. डोक्यातल्या नायट्याला पोटातून बुरशीची गोळीच लागते, वरून मलम लावून तो जात नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या तिहेरी मलमात स्टिरॉइड असतं. त्याने लाली उतरते, घरचे निश्चिंत होतात आणि खाली बुरशी पसरत राहते.

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस विरळ होतात. ती चाई नाही, आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. कपाळाच्या आणि कानाच्या कडेने केस मागे सरकत असतील तर घट्ट वेणी सैल करून पाहा. एकाच गावात एकाच वेळी अनेकांचे केस गेले, तर कारण प्रतिकारशक्तीत शोधू नका. २०२४च्या शेवटी आणि २०२५च्या सुरुवातीला मराठवाड्याच्या शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत असं झालं. अशा वेळी आरोग्य केंद्राला कळवून पाणी आणि धान्य तपासून घ्यायचं असतं.

एक प्रकार मात्र घाईचा आहे. चट्ट्यावरची कातडी चकाकते, केसांची छिद्रंच दिसत नाहीत, काठ लाल किंवा जांभळट असतो, जळजळ होते: हा डिस्कॉइड ल्यूपस असू शकतो किंवा केसांच्या मुळातला लायकेन प्लॅनस. यात हल्ला थेट मूळपेशींपर्यंत जातो, आणि गेलेला केस परत येत नाही. उपचार उरलेले केस वाचवण्यासाठी असतो, म्हणून महिनाभरही थांबू नये. निदानाला काठावरून चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासावा लागतो.

पांढऱ्या डागांत सगळ्यात मोठी गल्लत कुष्ठरोगाशी होते. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि त्यावरची संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा तांबूस असतो आणि बरेचदा बधिर. डोळे मिटून बसायला सांगा, कापसाची वात आधी चांगल्या कातडीवर आणि मग डागावर टेकवा, स्पर्श झाला त्या जागी बोट ठेवायला सांगा. चुकलं तर लगेच सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाची औषधं तिथे फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. मुलांच्या गालावरचे फिकट, किंचित खरबरीत डाग कोडही नसतात आणि जंतांमुळेही नसतात. तेल किंवा साधं मॉइश्चरायझर काही आठवडे लावलं, ऊन टाळलं की हळूहळू विरतात. छातीपाठीवरच्या शिब्यांवर नखाने ओरखडलं की बारीक कोंडा सुटतो, कोडावर सुटत नाही.

मोजा आणि लिहून ठेवा

हे काम घरच्यांनीच करायचं आहे आणि बहुतेक जण हेच टाळतात. "थोडं बरं वाटतंय" या वाक्यावर डॉक्टरला औषध वाढवायचं की बंद करायचं हे ठरवता येत नाही.

चाईसाठी जगभरच्या संशोधनात सॉल्ट नावाची मोजणी वापरतात. ती घरी करता येते. डोक्याचे चार भाग धरा: माथा ४० टक्के, मागचा भाग २४, दोन्ही बाजू प्रत्येकी १८. प्रत्येक भागात किती टक्के केस गेले ते पाहा आणि त्या भागाच्या वाट्याने गुणा. माथ्यावरचे अर्धे केस गेले तर २०, मागचे पाव गेले तर ६, बाजू शाबूत असतील तर एकूण २६. ५० किंवा त्याहून जास्त आलं तर मोठ्या चाचण्यांच्या व्याख्येने चाई तीव्र. उपचारानंतर २० किंवा खाली आलं तर यश.

कोडासाठी रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरा; तेवढी जागा म्हणजे अंगाच्या साधारण एक टक्का. एकूण किती तळहात डाग आहेत ते लिहा. डागाची कड पेनाने पारदर्शक प्लास्टिकवर उतरवून तारीख टाकली तर दोन महिन्यांनी वाद उरत नाही.

फोटो महिन्यातून एकदा पुरे. जागा, भिंत, उजेड आणि वेळ तीच ठेवा. केस कोरडे हवेत, तेल नको, कारण तेलकट केस दाट दिसतात. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून, शेजारी एक नाणं ठेवून. रोज फोटो काढू नका. रोजच्या फोटोत फरक दिसत नाही आणि रुग्णाचं मन खचतं.

चाईचा उपचार: सुई, तिचं प्रमाण आणि धीर

एक-दोन छोटे चट्टे असतील तर जवळजवळ निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप येतात. गावठी उपायांचं नाव त्यावरच झालेलं आहे. बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली कांद्याच्या रसाचा एक छोटा अभ्यास छापला. दिवसातून दोनदा रस लावलेल्या २३ जणांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. पण लावणाऱ्यांना रस आणि पाणी यांतला फरक वासानेच कळत होता, आणि गट लहान होता. कांद्याने फार नुकसान होत नाही. फोड न येता कुणी लावत असेल तर आम्ही भांडत नाही. बिब्बा, गुंज आणि लसणाचा ठेचा मात्र नकोच.

मोठ्या माणसांत थोडे चट्टे असतील तर चट्ट्यातच ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची सुई देतात. डोक्यासाठी ताकद दर मि.लि. ५ मि.ग्रॅ., भुवई आणि दाढीसाठी २.५. बाजारात १० आणि ४० मि.ग्रॅ.च्या कुप्या मिळतात. म्हणजे १०च्या कुपीतला एक भाग औषध आणि एक भाग सलाइन. ४०च्या कुपीतला एक भाग औषध आणि सात भाग सलाइन. सुई इन्सुलिनची बारीक, एका टोचणीत ०.०५ ते ०.१ मि.लि., टोचण्या एकेक सेंटिमीटर अंतरावर, औषध कातडीच्या आतल्या थरात. पुढची पाळी चार ते सहा आठवड्यांनी.

बिघडतं ते याच प्रमाणात. ४०ची कुपी पातळ न करता टोचली, किंवा एकाच जागी जास्त औषध सोडलं, की कातडी खाली बसून खड्डा पडतो. तो बरेचदा काही महिन्यांत भरतो, पण तोवर त्या जागी पुन्हा टोचायचं नाही. टोचण्याआधी "डॉक्टर, ताकद किती ठेवली?" असं सरळ विचारा. हा तुमचा हक्क आहे आणि चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. नवे केस चार ते आठ आठवड्यांत दिसू लागतात, आणि सुरुवातीला बरेचदा पांढरे असतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही; रंग मागाहून भरतो. सहा महिन्यांत काहीच आलं नाही तर सुई थांबवून दुसरा मार्ग घ्यायचा.

लहान मुलांना सुई सहन होत नाही. त्यांना स्टिरॉइडचं लोशन किंवा मलम, ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरतं. पाच टक्के मिनॉक्सिडिल मोठ्यांना जोडीला देतात. ते टी पेशींना थांबवत नाही, उगवलेल्या केसाला फक्त जोर देतं. चट्टे बरेच असतील तर डीपीसीपी या द्रव्याने मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवतात, म्हणजे टी पेशींची झुंड वेगळ्या कामाला लागते. आधी दोन टक्क्यांनी अंग तयार करतात, मग ०.००१ टक्क्यापासून आठवड्याला एकदा, हळूहळू वाढवत. लावल्यावर दोन दिवस डोकं धुवायचं नाही आणि उन्हात उघडं ठेवायचं नाही. शेतात जाणाऱ्याने रुमाल बांधूनच जायचं. खाज आणि हलकी लाली हवी असते, फोड नको. फोड आले म्हणजे ताकद जास्त झाली.

तपासण्यांची लांबलचक यादी बहुतेकांना लागत नाही. थायरॉइडचा आजार चाई आणि कोड दोन्हींच्या सोबतीने येतो, म्हणून टीएसएच करून घ्यावी. बायकांमध्ये हिमोग्लोबिनही पाहावं. चट्टे उंदराने कुरतडल्यासारखे वेडेवाकडे असतील तर व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची (सिफिलिसची) तपासणी.

कोड: आधी कारण काढा, मग उजेड द्या

डाग कुठे उठला ते पाहा. कपाळावर टिकलीच्या जागी उठला असेल तर टिकलीच्या डिंकातलं रसायन कारण असू शकतं. ते रंगपेशींना थेट मारतं. पायावर पट्ट्याच्या आकाराचा डाग असेल तर रबरी चपलेचा संशय घ्या. कमरेला घट्ट नाड्याची रेघ, ब्रेसिअरच्या पट्टीखाली, बैलाचा कासरा घासतो त्या तळव्यावर: जिथे सतत घर्षण तिथे नवा डाग, हा कोडाचा स्वभाव आहे. टिकली सोडून कुंकू लावा, चप्पल चामड्याची किंवा कापडी पट्ट्याची घ्या, नाडा सैल बांधा. हे न करता महागडं मलम लावणं व्यर्थ आहे.

चेहरा आणि मानेवर टॅक्रोलिमस मलम चांगलं चालतं: मोठ्यांना ०.१ टक्के, दोन वर्षांवरच्या मुलांना ०.०३, दिवसातून दोनदा. पहिला आठवडा जळजळतं आणि मग शमतं. इथेच अनेक जण सोडून देतात. तीन महिन्यांआधी निकाल ठरवू नका.

अंगभर डाग असतील तर नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरचा उजेड. आठवड्यात दोन-तीनदा, सलग दिवशी नाही. सुरुवात साधारण दर चौ.सें.मी. २०० मिलिज्यूलने करतात आणि दर पाळीला १० ते २० टक्के वाढवतात, डाग हलका गुलाबी होऊन चोवीस तासांत उतरेल इतपत. डोळ्यांना चष्मा आणि पुरुषांच्या गुप्तांगाला झाकण हवंच. आपल्याकडची खरी अडचण एसटीची आहे. सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत पाळ्या चुकतात, आणि मग जुन्याच डोसवर उभं केलं की भाजतं. खंड आठवड्याच्या आत असेल तर डोस तोच. एक ते दोन आठवडे असेल तर पाव कमी. दोन ते तीन असेल तर निम्मा. त्याहून जास्त असेल तर पहिल्यापासून. खंड किती पडला ते तंत्रज्ञाला आपणहून सांगा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. उजेडाचं यंत्र चालू आहे का आणि वेळ कोणती, ते पहिल्याच खेपेला विचारून घ्या.

बावचीचं तेल लावून उन्हात बसणं या भागात फार चालतं. बावचीत सोरालेन असतं, ते खरोखर रंग आणतं. पण घरी त्याचं प्रमाण कुणाला कळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दहा मिनिटं जास्त झाली की मोठाले फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरतं. सोरालेन घ्यायचंच असेल तर डॉक्टरने मिनिटं लिहून दिल्याप्रमाणे.

डाग झपाट्याने वाढत असतील तर आठवड्यातून सलग दोन दिवस बीटामेथासोन या स्टिरॉइडची ५ मि.ग्रॅ. गोळी देण्याची पद्धत आहे, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी रुळवलेली. तिने पसरणं थांबतं. रंग आणायला उजेड लागतोच. साखर आणि वजन पाहत राहावं.

नव्या गोळ्या: काय कळलं आहे, काय जपायचं

टी पेशी आणि केसाचा कंद यांच्यात इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्यूकिन-१५ हे निरोप फिरतात. पेशीच्या आत ते निरोप जॅक नावाचे एन्झाइम पोचवतात. २०१४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो आणि राफाएल क्लाइन्स यांच्या गटाने उंदरांत आणि मग काही रुग्णांत दाखवलं की जॅक अडवला तर केस परत येतात. त्यातून पुढे तीन गोळ्यांना अमेरिकेत तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली: बॅरिसिटिनिब २०२२मध्ये, रिटलेसिटिनिब २०२३मध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी, ड्यूरुक्सोलिटिनिब २०२४मध्ये. कोडासाठी रुक्सोलिटिनिबचं दीड टक्क्याचं मलम २०२२ साली आलं. ते एका वेळी दहा तळहातांपेक्षा जास्त जागेवर लावत नाहीत.

आकडे नीट वाचा. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत ४ मि.ग्रॅ. घेणाऱ्यांपैकी ३६ ते ३९ टक्के लोक ३६ आठवड्यांत सॉल्ट २०च्या खाली आले. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीवर ३ ते ६ टक्के. म्हणजे दहांतले जवळपास चार. नऊ महिने वाट पाहण्याची तयारी नसेल तर सुरूच करू नये. आणि गोळी बंद केली की बहुतेकांचे केस पुन्हा गळतात. वर्षानुवर्षांचा खर्च झेपेल का हा प्रश्न पहिल्या दिवशीचा आहे. भारतात टोफासिटिनिब जेनेरिक मिळते आणि डॉक्टर चाईला वापरतात, पण ती चाईसाठी मान्य झालेली गोळी नाही, सावधगिरी तीच.

आपल्याकडे सावधगिरीत पहिला नंबर क्षयाचा. या गोळ्या दबलेला टीबी उठवू शकतात. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मँटू किंवा इग्रा (दबलेल्या टीबीच्या चाचण्या), कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल, आणि बायकांमध्ये गर्भधारणेची तपासणी. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर न विचारता सांगा. साधारण महिन्याने आणि मग दर तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. ताप, खोकला किंवा नागीण उठली तर गोळी थांबवून दवाखाना गाठा. पायात गाठ धरल्यासारखी सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं: रक्त गोठल्याची शक्यता, त्याच दिवशी दाखवा. तंबाखू ओढणाऱ्यांना, पन्नाशीपुढच्यांना आणि हृदयरोग असलेल्यांना हा धोका जास्त. जिवंत लस या काळात घ्यायची नाही.

वर सांगितलेल्या डिस्कॉइड ल्यूपसला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी, रोज वजनाच्या दर किलोला ५ मि.ग्रॅ.च्या आत, पन्नास किलोच्या बाईला २५०च्या वर नको. सुरुवातीला डोळे तपासा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. ऊन हेच या रोगाचं खाद्य आहे. अकरा ते चार शेतात जाणं टाळता येत नसेल तर पूर्ण बाह्या आणि पदर किंवा रुमाल कानांवरून. सोरायसिसमध्ये स्टिरॉइडची गोळी किंवा नाव नसलेली पुडी एकदम सुरू-बंद करू नका. सगळं अंग लाल होऊन दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते.

अभ्यासात नाव घालायचं असेल तर

"नवीन औषधाचा प्रयोग आहे, फुकट मिळेल" असं कुणी सांगितलं तर आधी सीटीआरआय क्रमांक मागा. ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नोंदवही आहे, २००७ पासूनची, आणि कुणालाही मोबाइलवर पाहता येते. रोगाचं नाव, रुग्णालय, प्रमुख डॉक्टर आणि आचार समितीची मंजुरी तिथे जुळली पाहिजे. क्रमांक नसेल तर तो अभ्यास नव्हे. खऱ्या अभ्यासात भाग घेण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. प्रवासखर्च मिळू शकतो.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा आणि सहीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. साखरेची गोळी वाट्याला येण्याची शक्यता किती आहे ते विचारा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. मध्येच कधीही बाहेर पडता येतं आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. आणि जॅकच्या औषधाचा अभ्यास असेल तर सहीआधी आणखी एक विचारा: अभ्यास संपल्यावर औषध कोण देणार, किती महिने, आणि ते कागदावर कुठे लिहिलं आहे?